समुद्रपक्ष्याच्या पायातील रोजनिशी

आमच्या गावात नवा शिक्षक आला की पहिल्या आठवड्यातच त्याला विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न ऐकावा लागतो. "सर, समुद्र पाहिला का?" गावाचे नाव समुद्रपूर, जिल्हा वर्धा. नावात समुद्र आहे, पण गावात नाही. भारताचा नकाशा आणि पट्टी घेऊन तुम्हीच मोजून पाहा. सर्वांत जवळचा किनारा म्हणजे आग्नेयेकडे आंध्र प्रदेशाचा. तोदेखील सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. पश्चिमेला मुंबई त्याहूनही लांब.

अशा या गावात गेल्या वर्षी अकरावीची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्याकडे आली. समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ असतात, असे तिने कुठेतरी वाचले होते. तिचे प्रश्न दोन होते. "सर, पक्षी तर समुद्रावर असतात. मग हे लोक दिवसभर करतात तरी काय? आणि समुद्र न पाहिलेल्या मुलीला ते काम जमेल का?"

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मग वाचायला बसलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की या कामातला मोठा भाग माझ्याच विषयाचा आहे! तिला जे उत्तर नंतर दिले, तेच येथे सविस्तर सांगतो.

समुद्रपक्षी म्हणजे कोण?

किनाऱ्यावर दिसणारा प्रत्येक पक्षी समुद्रपक्षी नव्हे. कावळा आणि घार बंदरावरही असतात. ज्यांचे अन्न समुद्रात आहे आणि ज्यांच्या आयुष्याचा बराच काळ खाऱ्या पाण्यावर जातो, ते समुद्रपक्षी. कुरव (गल), सुरय (टर्न), बूबी, पेट्रेल, अल्बाट्रॉस ही त्यांतली काही कुळे.

यांची पहिली अडचण पाण्याचीच असते. सभोवार पाणीच पाणी, पण ते प्यायचे कसे? एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाचे मूत्रपिंड एक लिटर लघवीतून फार तर २० ग्रॅमांच्या आसपास क्षार बाहेर टाकू शकते. म्हणजे ते ३५ ग्रॅम बाहेर टाकायला पावणेदोन लिटर पाणी खर्ची पडेल. प्यायलो एक लिटर, गेले पावणेदोन लिटर! म्हणूनच समुद्रात भरकटलेला माणूस खारे पाणी पिऊन अधिकच तहानेला होतो.

मग पक्षी काय करतात? १९५७ साली क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने पाणकावळ्यांना खारे पाणी दिले आणि वाट पाहिली. थोड्याच वेळात त्यांच्या चोचीच्या टोकाशी थेंब जमू लागले. ते थेंब समुद्राच्या पाण्याहूनही खारट होते! डोळ्यांजवळ असलेल्या क्षारग्रंथी रक्तातील मीठ गाळून नाकपुड्यांवाटे बाहेर सोडतात. या द्रावात दर लिटरला सुमारे ५० ग्रॅम क्षार असू शकतात. आता हिशेब पुन्हा मांडा. ३५ ग्रॅम क्षार ७०० मिलिलिटर द्रावातून निघून गेले आणि ३०० मिलिलिटर पाणी पक्ष्याच्या पदरात पडले. खारे पाणी पिऊनही तो नफ्यात राहिला.

अन्न समुद्रात, पाणीही समुद्रातच. मग पक्ष्याला जमीन हवीच कशाला? हवी ती एकाच गोष्टीसाठी. अंडे पाण्यावर घालता येत नाही. कितीही दूरवर भटकणारा समुद्रपक्षी असो, वीण आली की त्याला एखाद्या खडकावर, बेटावर किंवा कड्यावर उतरावेच लागते. त्यातही अनेक जाती दर वर्षी त्याच बेटावर, पुष्कळदा घरट्याच्या त्याच जागेवर परततात.

समुद्रपक्ष्यांच्या शास्त्रज्ञाचे सारे काम या एका गोष्टीवर उभे आहे. तो पक्ष्याच्या मागे समुद्रभर धावत नाही. पक्षी जिथे परत येणार, तिथे तो जाऊन बसतो.

वेंगुर्ल्याचे खडक

अशी एक जागा आपल्या महाराष्ट्रातच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या समोर भर समुद्रात काही खडकाळ बेटे आहेत. 'वेंगुर्ला रॉक्स' या नावाने ती ओळखली जातात. तेथे एक दीपगृह आहे, आणि सुरय जातीचे समुद्रपक्षी तेथे वीण करतात.

१८७५ साली ए. ओ. ह्यूम या बेटांवर गेले होते. पुढे दहा वर्षांनी राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला, तेच हे ह्यूम. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव तुम्ही वाचले असेल, पण ते आपल्या काळातील भारताच्या पक्ष्यांचे मोठे जाणकारही होते. त्यांनी पाहिलेल्या गोष्टी छापून ठेवल्या. सुमारे पासष्ट वर्षांनंतर मुंबईचे हुमायून अब्दुलअली पुन्हा त्याच खडकांवर गेले. तेथील सुरय आणि पाकोळ्या यांच्यावरचे त्यांचे लेख १९४० आणि १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अब्दुलअली (१९१४ ते २००१) यांची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पक्षी हे त्यांचे पोट भरण्याचे साधन नव्हते. घरचा व्यवसाय सांभाळून ते पक्षी पाहत. पण छंद म्हणून केलेले काम त्यांनी कधी सैल होऊ दिले नाही. सालिम अली यांच्याबरोबर त्यांनी मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली, अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांचा अभ्यास केला, आणि सोसायटीच्या संग्रहातील हजारो पक्षिनमुन्यांची सूची चिकाटीने तयार केली. नुसता पक्षीवेडा आणि पक्षिशास्त्रज्ञ यांच्यात फरक पदवीचा असतो असे आपण समजतो. खरा फरक वहीचा असतो. कोणती जात, किती पक्षी, कोणती तारीख, कोणती जागा, हे लिहिले असेल तरच पन्नास वर्षांनी तेथे जाणारा दुसरा माणूस म्हणू शकतो की पक्षी वाढले, घटले की नाहीसे झाले. ह्यूम यांची नोंद नसती तर अब्दुलअलींना आपल्या नोंदीची तुलना कशाशी करता आली असती?

बेटावरचा दिवस

आता बेटावर उतरलेला शास्त्रज्ञ काय करतो ते पाहू. चित्रपटात शोभावे असे त्यात फारसे काही नाही. दुर्बिणीपेक्षा वजनकाटा, पट्टी आणि पेन्सिल यांचाच वापर अधिक. पेन्सिल अशासाठी की शाई पाण्याने पसरते.

बेटाचे चौकोन पाडून घरटी मोजायची. अंड्यांची लांबी-रुंदी घ्यायची. पिल्लू कापडी पिशवीत घालून पिशवी स्प्रिंग-काट्याला टांगायची, वजन वाचायचे, आणि मागाहून रिकाम्या पिशवीचे वजन वजा करायचे. (हे विसरणारे विद्यार्थी प्रयोगशाळेत मला दर वर्षी भेटतात!) तेच पिल्लू चार दिवसांनी पुन्हा तोलायचे. वजन वाढले असेल तर आई-बापांना मासे मिळत आहेत. घटले असेल तर समुद्रात काहीतरी बिघडले आहे. म्हणजे पिल्लाचे वजन हा एका अर्थी त्या समुद्राचा तापमापकच झाला.

हे सारे झटपट उरकावे लागते. घरट्यावरून पक्षी उठला की अंडी उघडी पडतात आणि तापलेल्या खडकावर थोड्या वेळातच आतला जीव भाजून जाऊ शकतो. शिवाय इतर पक्षी अंडी पळवायला टपलेलेच असतात. तेव्हा चांगल्या शास्त्रज्ञाची एक परीक्षा अशी की तो घरट्यापाशी किती कमी वेळ थांबतो.

हंगाम संपला की पुढचे कित्येक महिने टेबलापाशी आकडेमोड. बेटावरचे काही आठवडे आणि टेबलापाशी उरलेले वर्ष, असा या कामाचा साधारण हिशेब आहे.

पायातला वाळा

एक प्रश्न मात्र उरतोच. हजारो पक्षी अगदी एकसारखे दिसतात. यंदा आलेला पक्षी गेल्या वर्षीचाच, हे ओळखायचे कसे?

तान्ह्या बाळाच्या पायात घालतात तसा वाळा पक्ष्याच्या पायात घालायचा, हा त्यावरचा उपाय. वाळ्यावर एक क्रमांक आणि सापडल्यास कोठे कळवावे त्याचा मजकूर कोरलेला असतो. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम १९२७ साली सुरू केले. वाळा सहसा ॲल्युमिनियमचा असतो, कारण तो हलका. पण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते. म्हणून दीर्घायुषी समुद्रपक्ष्यांसाठी पोलाद किंवा निकेलचे न गंजणारे मिश्रधातू वापरतात. रसायनाच्या पुस्तकातील 'क्षरण' हा धडा येथे कामी येतो.

वाळ्याने काय कळते याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहा. प्रशांत महासागरात मिडवे नावाचे बेट आहे. तेथे १९५६ च्या डिसेंबरात चँडलर रॉबिन्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने लेसन अल्बाट्रॉसच्या एका मादीच्या पायात वाळा घातला. हे रॉबिन्स स्वतः जन्मभर कट्टर पक्षीनिरीक्षक होते. पुढे १९६६ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेत वीण करणाऱ्या पक्ष्यांची वार्षिक गणना सुरू केली. २००२ मध्ये त्याच बेटावर वाळे बदलत असताना जुन्या नोंदींशी क्रमांक ताडून पाहिले, तेव्हा कळले की एक मादी ४६ वर्षांपूर्वीचीच आहे. पहिला वाळा घालणारे आणि २००२ मध्ये तिला पुन्हा हाती धरणारे रॉबिन्स एकच!

त्या मादीला पुढे 'विझडम' असे नाव मिळाले. तिचे वय काढण्याची रीत तुम्हांला आवडेल. ही जात पाच वर्षांच्या आत वीण करत नाही, आणि १९५६ मध्ये विझडम विणीवर होती. म्हणजे तिचा जन्म १९५१ किंवा त्याआधीचा. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडे घातले, तेव्हा तिचे वय किमान ७३ वर्षे होते. रॉबिन्स २०१७ मध्ये निवर्तले. पक्ष्याने आपल्या अभ्यासकापेक्षा अधिक काळ काम चालू ठेवले, असे म्हणावे लागेल.

वाळा 'हा पक्षी कोण' ते सांगतो. पण मधल्या काळात तो पक्षी कोठे होता, हे वाळा सांगत नाही. त्यासाठी पक्ष्यानेच रोजनिशी लिहायला हवी.

सूर्य आणि घड्याळ

मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत हे सोपे आहे. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीतील सहा रोहितांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी अशी यंत्रे बसवली की ती उपग्रहांच्या साहाय्याने आपली जागा शोधून स्वतःच कळवतात. पण संदेश पाठवायला ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी बॅटरी लागते, आणि बॅटरीला वजन असते. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या सुमारे तीन टक्क्यांहून अधिक नसावे, असा एक संकेत पाळतात. तुमचे वजन ५० किलो असेल तर तीन टक्के म्हणजे दीड किलो. तुमचे दप्तर याहून जड असेल, हे मला ठाऊक आहे! उत्तर ध्रुवाकडे राहणाऱ्या आर्क्टिक सुरयाचे वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्याच्या वाट्याला तीन-साडेतीन ग्रॅम येतात. तेवढ्यात काय बसणार?

तेवढ्यात एक घड्याळ, एक प्रकाश मोजणारा घटक आणि थोडी स्मृती एवढे बसते. हे यंत्र कोणताही संदेश पाठवत नाही. किती वाजता किती उजेड होता, एवढेच ते टिपून ठेवते. आता तुम्ही म्हणाल, उजेडावरून पक्षी कोठे आहे ते कसे कळणार? आपल्या भूगोलाच्या पुस्तकातच याचे उत्तर आहे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटे. उजेडाच्या नोंदीवरून सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळा मिळतात. त्या दोहोंच्या बरोबर मधली वेळ म्हणजे त्या जागेची मध्यान्ह. समजा, यंत्रातले घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर लावले आहे आणि मध्यान्ह सकाळी ८ वाजता आली. म्हणजे तेथे ग्रिनिचच्या चार तास आधी दुपार झाली. ४ गुणिले १५ बरोबर ६०. पक्षी ६० अंश पूर्व रेखांशावर होता.

हे झाले रेखांश. अक्षांशासाठी दिवस किती मोठा होता ते पाहायचे. उन्हाळ्यात जसजसे उत्तरेला जावे तसतसा दिवस मोठा होतो. २१ जूनच्या सुमारास समुद्रपूरचा दिवस वेंगुर्ल्याच्या दिवसापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठा असतो, कारण आपण वेंगुर्ल्याच्या जवळजवळ पावणेपाच अंश उत्तरेला आहोत. तेव्हा मध्यान्हीची वेळ रेखांश सांगते आणि दिवसाची लांबी अक्षांश सांगते. जुन्या काळी खलाशी सूर्य आणि घड्याळ यांच्यावरूनच समुद्रात आपली जागा काढत. तीच विद्या आता पक्ष्याच्या पायात बांधलेली आहे.

या रीतीत एक मोठी खोट आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवसांच्या आसपास सर्व पृथ्वीवर दिवस सारखाच, सुमारे १२ तासांचा असतो. तेव्हा दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढताच येत नाही. त्या आठवड्यांत रोजनिशीचे अर्धे पान कोरे राहते.

कडूलिंबाने केलेली चूक

वाचून समाधान होईना. प्रयोग करून पाहावा म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आम्ही कॉलेजच्या गच्चीवर एक एल.डी.आर. (उजेड पडला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा घटक) आणि दर मिनिटाला आकडा टिपणारे छोटे सर्किट ठेवले. त्या दिवसांत येथे सूर्योदय ५ वाजून ३६ मिनिटांच्या आणि सूर्यास्त ६ वाजून ४६ मिनिटांच्या आसपास होतो. मधली वेळ १२ वाजून ११ मिनिटे. त्या सुमारास सूर्य घड्याळाच्या तीन मिनिटे पुढे धावत असतो, म्हणून त्यात ३ मिळवायचे. (वर्षभरात ही पुढे-मागे धाव सुमारे १६ मिनिटांपर्यंत जाते. तिला काल-समीकरण म्हणतात.) आले १२ वाजून १४ मिनिटे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. १४ मिनिटे भागिले ४ बरोबर साडेतीन अंश. ८२.५ वजा ३.५ बरोबर ७९. समुद्रपूर खरोखरच ७९ अंशांच्या अगदी जवळ आहे.

पण हे उत्तर यायला हवे होते. आमच्या यंत्राने सूर्योदय नोंदवला तो ५ वाजून ५६ मिनिटांचा! त्यावरून मध्यान्ह दहा मिनिटांनी पुढे गेली आणि रेखांश आला साडेशहात्तर. दिवसही वीस मिनिटांनी लहान भरला, त्यामुळे अक्षांश पावणेसहा अंशांनी खाली घसरला. नकाशावर टिंब काढले तर आमचे कॉलेज कर्नाटकात बळ्ळारीच्या आसपास जाऊन बसले होते, म्हणजे जवळजवळ सातशे किलोमीटर दूर!

दोन दिवस आम्ही सर्किट तपासत होतो. त्यात काहीच दोष नव्हता. शेवटी एका विद्यार्थ्याने पहाटे गच्चीवर जाऊन पाहिले. गच्चीच्या पूर्वेला एक मोठा कडूलिंब आहे. सूर्य उगवला तरी वीस मिनिटे तो त्या झाडाआडच होता. यंत्राने खोटे काही सांगितले नव्हते. त्याला जेव्हा उजेड दिसला, तेव्हाच त्याने लिहिला.

समुद्रपक्ष्याच्या यंत्राचेही असेच होते. पक्षी पाय पिसांत दुमडून बसला, दाट ढग आले किंवा पहाटे पक्षी कड्याच्या सावलीत राहिला की सूर्योदय 'उशिरा' होतो. अल्बाट्रॉसवर दोन्ही प्रकारची यंत्रे बसवून पाहिले, तेव्हा उजेडावरून काढलेली जागा सरासरीने सुमारे १८६ किलोमीटर चुकते असे आढळले. समुद्रपुराभोवती २०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. नागपूर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर ही सारी त्याच्या पोटात येतात. गावातल्या चिमणीचा माग काढायला अशी रीत निरुपयोगी. पण जो पक्षी हजारो किलोमीटर जातो, त्याच्यासाठी एवढी चूक चालते. मापन किती अचूक असावे, हे काय मोजायचे आहे त्यावर ठरते.

रोजनिशीत काय निघाले?

संदेश न पाठवणाऱ्या यंत्राची आणखी एक अट आहे. तोच पक्षी वर्षाने पुन्हा पकडावा लागतो. पक्षी परतला नाही, किंवा परतूनही हाती आला नाही, तर सारी नोंद गेली. पण समुद्रपक्षी विणीला त्याच बेटावर येतो हे आपण वर पाहिलेच. शास्त्रज्ञ नेमक्या त्याच सवयीवर विसंबतात.

ग्रीनलंड व आइसलंड येथील आर्क्टिक सुरयांच्या पायांत १.४ ग्रॅमची अशी यंत्रे बांधण्यात आली. वर्षाने त्यांतील अकरा यंत्रे परत मिळाली. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे पक्षी उत्तर ध्रुवाच्या परिसरातून अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रापर्यंत जाऊन परत आले होते, आणि वर्षाकाठी त्यांचा प्रवास सरासरी ७०,९०० किलोमीटर भरला. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे वर्षात पृथ्वीला पावणेदोन फेऱ्या! परतताना ते सरळ रेषेत येत नाहीत. अटलांटिकवरील वाऱ्यांच्या दिशेला धरून मोठे वळण घेत येतात. लांबचा रस्ता वाऱ्यामुळे स्वस्त पडतो.

हे ज्ञान केवळ नवलासाठी नाही. अल्बाट्रॉस लांब दोरांच्या मासेमारीत मोठ्या संख्येने मरत आले आहेत. कित्येक किलोमीटर लांबीच्या दोराला हजारो गळ लावून तो समुद्रात सोडतात. आमिष बुडायच्या आत पक्षी त्यावर झडप घालतो आणि गळासह पाण्याखाली ओढला जातो. पक्षी कोठे चरतात आणि जहाजे कोठे दोर टाकतात, हे दोन नकाशे एकावर एक ठेवल्यावर धोक्याच्या जागा दिसल्या. उपायही साधे निघाले. दोर रात्री सोडायचे, त्यांना वजने लावून लवकर बुडवायचे, आणि जहाजामागे फडफडणाऱ्या पट्ट्या बांधून पक्ष्यांना दूर ठेवायचे. अल्बाट्रॉस व पेट्रेल यांच्या रक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून अमलात आहे. वर्षाला जेमतेम एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याला एका मादीचे मरणही महाग पडते. विझडमच्या वयाचा आकडा म्हणूनच महत्त्वाचा आहे.

समुद्रपुरातून

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. समुद्र न पाहिलेल्या मुलीला हे काम जमेल का?

तिला मी आमच्याच तालुक्यातील लाल नाल्याच्या धरणावर जायला सांगितले. अशा जलाशयांवर आणि आपल्या नद्यांवर सुरयांच्या कुळातला एक पक्षी असतो. त्याचे नाव नदी सुरय. पाठ राखी, चोच पिवळी, उन्हाळ्यात डोक्यावर काळी टोपी, आणि शेपटी दुभंगलेली. मासा दिसला की हवेतून थेट पाण्यात सूर मारतो. समुद्रावरच्या भाऊबंदांप्रमाणे यालाही अंड्यांसाठी जमिनीवर यावे लागते. त्याला लागते नदीतील वाळूचे बेट. उन्हाळ्यात पात्र आटले की वाळूत साधा खळगा करून तो दोन-तीन अंडी घालतो.

नेमक्या त्याच दिवसांत आपण त्या वाळूवर उतरतो. वाळूचे ट्रक येतात, गुरे फिरतात, कुत्री येतात. वरच्या धरणातून अचानक पाणी सोडले तर बेटासकट अंडी वाहून जातात. जगात धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत नदी सुरय आता 'असुरक्षित' गटात आहे. तो आपल्या भागात किती आहे, कोणत्या वाळूवर अंडी घालतो आणि त्यांतली किती पिल्ले उडतात, याची वर्षानुवर्षांची वही हवी. ती लिहायला समुद्राची गरज नाही. गरज आहे ती दर रविवारी त्याच जागी जाऊन तेच मोजणाऱ्या माणसाची.

ती मुलगी यंदा बारावीत आहे. तिच्या वहीत अकरा रविवार झाले आहेत. त्यांपैकी चार रविवारी तिने 'सुरय शून्य' असे लिहिले आहे. "सर, शून्य लिहायचे का?" असे तिने मला विचारले होते. अवश्य लिहायचे. पाहिले आणि नव्हते, हीदेखील नोंदच आहे. न जाता रिकामी सोडलेली ओळ मात्र नोंद नव्हे.

करून पाहा

१. उघड्या मैदानात एक सरळ काठी उभी रोवा. साडेअकरा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी मोजा. सर्वांत आखूड सावलीची वेळ म्हणजे तुमच्या गावची मध्यान्ह. शिक्षकांच्या मदतीने त्या तारखेचे काल-समीकरण पंचांगातून किंवा तक्त्यातून घ्या आणि वरच्या रीतीने रेखांश काढा. नकाशाशी ताडून पाहा. किती किलोमीटर चुकले? (आपल्या भागात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर.)

२. जवळच्या तलावावर किंवा नदीवर महिनाभर दर रविवारी ठरावीक वेळी एक तास बसा. तारीख, वेळ, हवामान, पक्ष्याची जात आणि संख्या लिहा. शून्यही लिहा.

३. वाळूत अंडी दिसली तर जवळ जाऊ नका, हात लावू नका. लांबूनच जागा टिपून घ्या आणि मागे फिरा. तुम्ही उभे असेपर्यंत मादी अंड्यांवर बसणार नाही आणि ऊन थांबणार नाही.

तुमच्या गावाचा रेखांश किती आला ते आम्हांला अवश्य कळवा. उत्तर चुकले असेल तर तेही कळवा, आणि पूर्वेला झाड आहे का ते आधी पाहा.